वही, पासबुक आणि सूचना फलक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘संस्थेच्या हिशोबांचा पंचवीस वर्षांचा इतिहास’ लिहायला सांगितलं. कारण उघड आहे. मी ३७ वर्षं बँकेत काढली आणि इथेही बरीच वर्षं अंतर्गत हिशोब तपासनीस म्हणून व्हाउचरं चाळली. पण देखभाल शुल्क कोणत्या साली किती होतं, लिफ्टच्या दुरुस्तीला किती लागले, सिंकिंग फंड कुठे गुंतवला, हे सगळं वार्षिक अहवालांत आहे. ते इथे पुन्हा वाचायला कुणी बसेल असं मला वाटत नाही. म्हणून संपादकांच्या परवानगीने विषय थोडा वळवला आहे. हिशोब किती रुपयांचा होता ते बाजूला ठेवू. कुणाचा हिशोब कुणी बघायचा, हा प्रश्न आपल्यापर्यंत कसा आला ते लिहितो. प्रश्न आपल्या सोसायटीपेक्षा बराच जुना आहे. आणि गेल्या वर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून जे रामायण झालं ते सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा तो अजून मिटलेला नाही हेही खरं.

सुरुवात सुप्यापासून करावी लागेल. पुणे जिल्ह्यातलं हे गाव आज बारामती तालुक्यात येतं, त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. धान्य लुटलं, काही ठिकाणी घरंही पेटली. पण त्यांना मुख्यतः हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले की रस्त्यावर आणून जाळायचे. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं आणि तीसहून अधिक गावं त्यात ओढली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

शाळेत हे शिकताना मला सावकारी, व्याज, सारावाढ एवढंच लक्षात राहिलं होतं. बँकेत गेल्यावर वेगळी गोष्ट ध्यानात आली. त्या शेतकऱ्याचं कर्ज गावात गुप्त अजिबात नव्हतं. त्याची बैलजोडी कुणाकडे गहाण आहे, मुलीच्या लग्नाला पैसे कुठून आले, हे चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत. ज्याला नेमका आकडा माहीत नव्हता तो फक्त तो स्वतः. वही सावकाराची, लिपी सावकाराची, व्याजाची आकारणी सावकाराची. परतफेड केली तरी पावती नाही. म्हणजे अब्रू सगळ्या गावासमोर उघडी आणि खातं मात्र खातेदाराला बंद! त्या वह्या का जाळल्या गेल्या, हे मला यातून जास्त कळतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. त्या कायद्यातल्या व्याजाच्या आणि जमिनीच्या तरतुदींविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्यासारख्या माणसाचं लक्ष तीन लहान कलमांकडे जातं. शेतकऱ्याने पैसे फेडले की लेखी पावती मागण्याचा त्याला हक्क. वर्षातून एकदा खात्याचा उतारा मिळण्याचा हक्क. आणि तिसरं, त्याने मागितलं तर त्याचा हिशोब पासबुकात लिहून देण्याची सावकारावर सक्ती. पासबुक! बँकेत ते आपण गृहीत धरतो, पण आपल्या मुलखात कायद्याने ते मिळालं कर्जदाराला, आणि तेही एवढ्या जाळपोळीनंतर.

यानंतर गोष्ट सरळ पुढे जायला हवी होती: ज्याचं खातं त्यालाच दिसावं, दुसऱ्याला दिसू नये. तशी ती गेली नाही, कारण मध्ये सहकार आला.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात खेड्यांतल्या संस्थांची जबाबदारी अमर्याद ठेवलेली होती. म्हणजे गावातल्या संस्थेने एका सभासदाला कर्ज दिलं आणि ते बुडालं, तर बाकीच्या सभासदांची जमीनजुमला त्यासाठी जबाबदार. मग कर्जाचा अर्ज आला की संचालकांनी काय बघायचं? कागद फारसे नसतच. अर्जदाराचं पीक कसं आहे, तो दारू पितो का, भावाशी वाद चालू आहे का, आधीचं देणं किती, हेच बघायचं. संस्थेचं क्षेत्र एका गावापुरतं ठेवण्यामागेही हाच विचार होता. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो आणि त्याच्यावर नजर ठेवतो, हेच तारण. ज्याला आपण आज भोचकपणा म्हणू, त्याच्यावरच आपल्या सहकाराची पहिली इमारत उभी राहिली. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. ज्याचं कर्ज बुडालं तर माझं शेत जाणार, त्याची चौकशी करण्याचा मला हक्क होताच.

गृहनिर्माण संस्था त्यानंतर आल्या. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, आपल्याकडची ही पहिली. राव बहादूर तालमकी यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. घरांसाठीचा सहकार मात्र पतसंस्थेपेक्षा निराळा. आपल्यासारख्या संस्थेत सभासदाची जबाबदारी त्याच्या भागभांडवलापुरती. आपल्या प्रत्येकाकडे दहा भागांचं, पाचशे रुपयांचं शेअर सर्टिफिकेट आहे (बऱ्याच जणांचं बँकेत कर्जापोटी पडून आहे, पण त्याविषयी पुढे). शेजाऱ्याने बाहेर कितीही देणी करून ठेवली तरी माझ्या घराला त्याची झळ नाही. गरज संपली, सवय मात्र आपण बरोबर आणली.

ती सवय आपण कुठून आणली, हे आपल्या पिढीला सांगायला नको. आपल्यातले कितीतरी जण चाळीतून इथे आलेले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर वसुलीसाठी कोण उभं आहे, ते साऱ्या खात्याला दिसायचं. कोकणात मनीऑर्डर आली की पोस्टमन वाडीत शिरल्यापासूनच बातमी पुढे पळायची. अंगठा घ्यायचा, साक्षीदार हवा, कूपनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. मुंबईच्या मुलाने या महिन्यात दहा रुपये कमी का पाठवले, याची चर्चा विहिरीवर. भिशीत तर सगळं उघडच. तिचा तो नियमच आहे. हे सगळं वाईट होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दहा रुपये कमी आले हे कळल्यावर कुणीतरी गुपचूप तांदळाची पायली आणून ठेवायचंच. ज्याच्यावर वेळ यायची त्याला मात्र तांदूळ आणि चर्चा दोन्ही एकदमच घ्यावे लागत. तांदूळ ठेवा, चर्चा नको, असं म्हणण्याची सोय नव्हती.

१९७३ साली मी बँकेत लागलो. रुजू होताना ज्या कागदांवर सह्या घेतल्या, त्यात ‘निष्ठा व गोपनीयतेचं घोषणापत्र’ होतं. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतरच्या १९७० च्या कायद्यातल्या कलम १३ ने बँकांवर बंधन घातलं, की कायद्याने भाग पडल्याशिवाय किंवा बँकिंगच्या रूढ रीतीला धरून असल्याशिवाय ग्राहकाच्या व्यवहाराची माहिती कुणाला द्यायची नाही. घोषणापत्राचा नमुनाच त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. आम्ही पोरांनी तो न वाचताच सही केली, हे सांगायला नकोच.

त्याचा अर्थ काउंटरवर कळला. त्या वेळची लेजरं म्हणजे दोन्ही हातांनी उचलायची पुस्तकं. एका पानावर एक खातं. खातेदार पितळी टोकन हातात घेऊन काउंटरशी उभा, आणि त्याच्या मागचा माणूस मान वाकडी करून लेजर वाचतोय. उलटी अक्षरं सराईतपणे वाचणारे लोक मी पाहिले आहेत! आमच्या एका जुन्या हेडक्लार्कची शिस्त होती, की लेजर उघडलं की टीपकागद शिलकेच्या रकान्यावर. शाई वाळली असली तरी टीपकागद तिथेच. त्याने ते कधी समजावून सांगितलं नाही, आम्हीही बघून बघून तसंच करायला लागलो.

पुढे सीएआयआयबीच्या परीक्षेला बसलो तेव्हा टुर्नियर खटला पाठ करावा लागला. बँकेत काम केलेल्या कुणालाही हे नाव झोपेतून उठवून विचारा. इंग्लंडमधला १९२४ चा म्हणून ओळखला जाणारा निवाडा आहे. टुर्नियर हा साधा फिरता विक्रेता. त्याच्या खात्यावर ९ पौंड ८ शिलिंग ६ पेन्स एवढा ओव्हरड्राफ्ट. आठवड्याला एक पौंड फेडण्याचं त्याने कबूल केलं आणि ते पाळलं नाही. शाखा व्यवस्थापकाने त्याचा पत्ता विचारायला त्याच्या मालकांना फोन केला. इथपर्यंत ठीक. पण बोलता बोलता त्याने हेही सांगितलं, की याचं खातं उलटं आहे आणि हा घोड्यांवर पैसे लावत असावा. कारण याने एक चेक ज्याच्या नावे फिरवला होता तो माणूस बुकी निघाला. परिणाम काय? तीन महिन्यांच्या बोलीवर असलेल्या टुर्नियरची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही.

खालच्या न्यायालयात तो हरला, अपील न्यायालयाने मात्र फेरसुनावणीचा हुकूम दिला आणि बँकेची गोपनीयता हे नुसतं सौजन्य नसून तिच्यावरचं कायदेशीर बंधन आहे असं सांगितलं. अपवाद चारच: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. यातला तिसरा अपवाद लक्षात ठेवा, सोसायटीत त्याची गरज पडणार आहे. बँकेला आपले पैसे वसूल करायला जेवढं बोलावं लागेल तेवढं तिने बोलावं. पण मालकाला पत्ता विचारायचा असेल तर पत्ताच विचारावा. घोड्यांचा तिथे काय संबंध?

खेड्यातल्या शाखेत असताना गोपनीयतेची खरी परीक्षा लग्नसराईत व्हायची. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत मी तीन वर्षं होतो. मार्गशीर्ष लागला की मुलींचे वडील यायचे. चहा मागवायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि मग हळूच, “साहेब, अमक्या घरचं स्थळ आलंय. माणसं कशी आहेत?” माणसं कशी आहेत याचा अर्थ शिल्लक किती आहे आणि सोसायटीचं कर्ज थकलंय का. यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मुलगी द्यायची म्हणजे बापाने चौकशी करायलाच हवी, आणि बँकेइतकी पक्की माहिती गावात दुसरीकडे कुठे होती? पण माझ्यापुढची अडचण वेगळी होती. चांगल्या घराबद्दल “बिनधास्त द्या” म्हटलं आणि डबघाईच्या घराबद्दल “आम्हाला सांगता येत नाही” म्हटलं, तर न सांगताच सगळं सांगून झालं. म्हणून सर्वांना एकच उत्तर द्यावं लागायचं. खातं लाखाचं असो की नुसतं उघडून ठेवलेलं असो, “काका, खात्याचं मी कुणालाच सांगत नाही, उद्या तुमचंही कुणाला सांगणार नाही.” पहिलं अर्धं वाक्य ऐकून माणूस नाराज व्हायचा आणि दुसरं अर्धं ऐकून चहाचे पैसे देऊन जायचा.

आता आपल्याकडे वळू. २००० साली आपली संस्था नोंदली गेली तेव्हा डोंबिवलीच्या या टोकाला रिक्षावाले यायला तयार नसत. पहिल्या गणपतीला वर्गणीची यादी मांडवाच्या खांबावर लावली होती, फ्लॅट नंबरासकट, आणि आरतीनंतर ती माइकवरून वाचली गेली. अमुक ५०१, तमुक १०१, आणि एका घराचे ५१. टाळ्याही त्याच मापाने. दुसऱ्या वर्षी महिला मंडळाने परस्पर ठरवून टाकलं, की डबा फिरवायचा, ज्याने त्याने आपल्या मनाने टाकायचं आणि शेवटी एकूण रक्कम तेवढी सांगायची. ठराव नाही, चर्चा नाही. एकूण वर्गणी त्या वर्षी वाढली की घटली याची नोंद माझ्याकडे आहे, पण इथे त्याचा संबंध नाही. कुणी अवघडून मांडवाबाहेर उभं राहिलं नाही, एवढं पुरे.

२००६ चं प्रकरण एवढं सोपं नव्हतं. त्या साली उन्हाळ्यात टँकरवर टँकर मागवावे लागले, पंपाचं वीजबिल दुप्पट झालं आणि संस्थेच्या बचत खात्यात अडचण झाली. कमिटीने थकबाकीदारांची यादी सूचना फलकावर लावली. नऊ फ्लॅट, नावं, रकमा. फलक लिफ्टच्या शेजारी. दूधवाला, इस्त्रीवाला, शिकवणीला येणारी मुलं, पाहुणे, जो वर जाईल तो वाचूनच जाई. मी हिशोब तपासायला बसलो तेव्हा बँकेची भरणा पावती आणि आपलं रजिस्टर यांचा मेळ लावला. नवांपैकी दोघांचे चेक कधीच वटले होते, फक्त नोंद व्हायची राहिली होती. म्हणजे नऊ नव्हे, सात.

त्या सातांतही तीन तऱ्हा होत्या. काहींनी वरच्या मजल्यावरची गळती थांबत नाही म्हणून पैसे अडवून धरले होते. काही परदेशी किंवा परगावी होते आणि बिलं त्यांच्या बंद दारात साचत होती. आणि काही घरांत त्या वर्षी खरोखरच पैसे नव्हते. फलकावर मात्र सगळ्यांना एकच नाव, थकबाकीदार. लिफ्टची वाट बघताना लोक अंदाज बांधत आणि ते अंदाज बहुतेक चुकत; ज्यांना अडचणीत धरलं जात होतं ते भांडणारे निघाले आणि ज्यांना मुजोर म्हटलं गेलं त्यांच्याकडे खरी अडचण होती. कोणतं घर कशात मोडत होतं ते मी लिहिणार नाही. जुन्या सभासदांना आठवत असेल, नव्यांनी विचारू नये.

त्या वर्षीची सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. एक सभासद उठले आणि म्हणाले, “पैसे देणं लागतो, नाकारत नाही. दारावर या, रोज या. पण माझी मुलगी दहावीला आहे. तिच्या मैत्रिणींच्या वाटेवर तो कागद लावू नका.” सभेत शांतता झाली. मग मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई बोलल्या, आणि मला त्यांचंही तितकंच पटलं. “तुमच्या मुलीचं वाईट वाटतं. पण गेले चार महिने तुमच्या नळाला जे पाणी आलं ते माझ्या पेन्शनमधून आलं. मग मला विचारायचा हक्क नाही?” यावर दीड तास खडाजंगी झाली.

आजींचा मुद्दा कायद्यानेही रास्त होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ३२ सभासदाला बरंच काही बघू देतं: कायदा, नियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि कमिटीची इतिवृत्तं. कार्यालयाच्या वेळेत, फुकट. संस्थेचा रुपया कुठे गेला हे विचारणाऱ्याला कुणी भोचक म्हणू नये. टँकरच्या पावत्या मागा, रंगकामाची कोटेशनं मागा, कमिटीला घाम फोडा. तपासनीस म्हणून मला तर असं वाटतं, की आपल्या सभांना ताळेबंद वाचून येणारे पाच जणही नसतात आणि फलक वाचणारे साठ फ्लॅटचे साठ असतात. पण त्याच कलमाच्या शेवटी काय म्हटलंय ते बघा. वह्या आणि दप्तराचा कोणता भाग सभासदाने बघायचा? तर ज्यात ‘त्याचे’ संस्थेशी झालेले व्यवहार नोंदलेले आहेत तो. १८७९ च्या पासबुकाचं कलम वाचलेल्या माणसाला हे शब्द ओळखीचे वाटतात.

शेवटी सभेने जो तोडगा काढला तो टुर्नियरच्या तिसऱ्या अपवादाच्या जवळचा होता, जरी त्याचं नाव तिथे कुणी घेतलं नाही. वसुलीसाठी जेवढं बोलावं लागेल तेवढं, जिथे बोलावं लागेल तिथे. बिलं बंद पाकिटात. फलकावर फक्त एकूण थकबाकी आणि किती फ्लॅटची, एवढंच. स्मरणपत्रांनंतरही कुणी ऐकलं नाही तर विषय कमिटीत नावासकट. त्याही पुढे गेलं तर निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. तेव्हा ते कलम १०१ होतं, २०१९ च्या दुरुस्तीपासून गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ आहे. शिवाय उपविधींप्रमाणे व्याज आहेच. या तोडग्याने जादू झाली असं नाही. पुढच्या मार्चअखेर थकबाकी थोडीच उतरली, आणि एक प्रकरण निबंधकांपर्यंत न्यावंच लागलं. पण ते प्रकरण फलकावर लावून सुटलं असतं असं त्यातल्या कुणालाही वाटत नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी एका उत्साही कमिटीने उलटी कल्पना काढली: वेळेवर पैसे भरणाऱ्यांचं अभिनंदन करू, त्यांची नावं फलकावर लावू. ऐकायला किती छान! साठ फ्लॅटांपैकी चोपन्न जणांचं अभिनंदन केलं की राहिलेले सहा कोण, हे शाळकरी पोरही बोटांवर मोजून सांगेल. लग्नसराईतल्या “आम्हाला सांगता येत नाही”सारखंच ते. कल्पना मागे घेतली गेली.

मग संगणक आला आणि पाठोपाठ फोन. बँकेत लेजर गेलं आणि कोअर बँकिंग आलं तेव्हा आम्हा जुन्या लोकांना भीती वाटली होती, की आता कुठल्याही शाखेतून कुणाचंही खातं उघडता येणार. ते खरंच होतं. पण एक गोष्ट लेजरात कधीच नव्हती ती संगणकात आली: कोणत्या कर्मचाऱ्याने कोणतं खातं कधी उघडून बघितलं याची नोंद राहते. नुसत्या कुतूहलाने दुसऱ्याचं खातं बघणारा पकडला जाऊ शकतो. याचा परिणाम किती होतो हे बघायचं तर नॉर्वेचं उदाहरण आहे. तिथे सर्व नागरिकांच्या करपात्र उत्पन्नाची यादी पूर्वीपासून खुली आहे, आणि इंटरनेट आल्यावर लोक शेजाऱ्यांचं, मेहुण्यांचं, वर्गमित्रांचं उत्पन्न घरबसल्या बघू लागले. २०१४ पासून सरकारने एवढाच बदल केला, की तुमची माहिती कुणी बघितली ते नाव तुम्हाला दिसेल. माहिती होती तशीच खुली राहिली, आणि बघणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. कायद्याने जे बंद करता आलं नसतं ते नुसत्या “कोण बघतंय” या एका ओळीने झालं.

आपल्याकडे उलट दिशेने चाललंय असं वाटतं. यूपीआय २०१६ साली आलं. सोय आहे, मीही वापरतो. पण भाजीवाल्याच्या गाडीवरचा डबा “सत्तर रुपये प्राप्त झाले” असं चारचौघांत ओरडून सांगतो. आणि आपल्या सोसायटीचं बिलाचं सॉफ्टवेअर एका बटणावर सर्व साठ फ्लॅटांचा तक्ता काढून देतं. तोच तक्ता गेल्या वर्षी ग्रुपवर पडला. कुणी टाकला, मुद्दाम की चुकून, यात मी शिरत नाही. फलक निदान लिफ्टशेजारी असायचा आणि संध्याकाळी काढता यायचा. ग्रुपमध्ये भाडेकरू आहेत, सोडून गेलेले सभासद आहेत, अमेरिकेतली मुलं आहेत. तो तक्ता अजूनही कितीतरी फोनमध्ये असेल. २००६ चा ठराव इतिवृत्तात आहे, तो रद्द झालेला नाही, आणि त्यात ‘फलक’ असा शब्द आहे म्हणून तो ग्रुपला लागू नाही असं कुणी म्हणू नये. येत्या सभेत ‘फलक अथवा अन्य कोणतेही माध्यम’ एवढी दुरुस्ती मी सुचवणार आहे. सॉफ्टवेअर कंपनीला विचारून बघावं, प्रत्येकाला फक्त स्वतःचं खातं दिसेल अशी सोय करता येते का, आणि कमिटीतल्या कुणी दुसऱ्याचं उघडलं तर त्याची नोंद राहते का. या गोष्टी अवघड नसाव्यात.

आता ते कपाट. या लेखासाठी जुनं दप्तर बघायला मी कार्यालयात चार दुपारी बसलो. हिशोबाच्या फायली मला ओळखीच्या होत्या, पण शेजारच्या खणात काय काय आहे हे मी प्रथमच नीट बघितलं. उघडून वाचलं नाही, लेबलं वाचली. पंचवीस वर्षांतली गृहकर्जाची ना-हरकत पत्रं. म्हणजे कुणाचं घर कोणत्या बँकेकडे किती कर्जापोटी गहाण आहे ते. नामनिर्देशनाचे अर्ज, कुणी कुणाला वारस नेमलं, आणि मध्येच कुणाचं नाव बदललं. पॅन कार्डांच्या, चेकच्या झेरॉक्स. फ्लॅट विकून गेलेल्यांचे खरेदीखतांचे कागद, किमतींसकट. कपाटातली ही माहिती फलकावरच्या यादीपेक्षा शंभरपट नाजूक आहे, आणि ती आपण प्रत्येकाने विश्वासाने, बहुधा घाईत, सही करून तिथे दिलेली आहे.

हैदराबादकडच्या एका प्रकरणात, जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक, सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटलं होतं, की माणसाने आपले कागद बँकेच्या ताब्यात दिले म्हणून त्यांचा खासगीपणा संपत नाही; तो जागेला नाही, माणसाला चिकटलेला असतो. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो त्यानंतर. बँकेला जे लागू ते सोसायटीच्या कपाटाला का नसावं?

कमिटीला मी लेखी कळवलं आहे, की रौप्यमहोत्सवी वर्षात तीन कामं करून घ्यावीत. सोडून गेलेल्यांच्या ज्या झेरॉक्स ठेवण्याची कायद्याने गरज नाही त्या वकिलांना विचारून नष्ट कराव्यात. नामनिर्देशनाचे अर्ज मोहोरबंद पाकिटांत ठेवावेत. आणि कपाट उघडणाऱ्याने तारीख, वेळ आणि कारण लिहून सही करावी अशी एक शंभर पानी वही दाराला बांधावी. वही मी आणून दिली आहे. कपाटाची चावी, हे छापायला जाईपर्यंत तरी, कार्यालयाच्या कॅलेंडरमागे खिळ्याला लटकते आहे.